छातीतलं उरलेलं पाणी ओतून देऊ नका
फुप्फुसाच्या दुर्मीळ कर्करोगांच्या निदानाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री, दोन्ही खात्यांचे सचिव आणि राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्व अधिष्ठाता यांस,



मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात सायटॉलॉजीचं काम पाहते. गाठीतून सुईने काढलेल्या पेशी, छातीतून काढलेलं पाणी, दुर्बीण घालून ब्रशने खरवडून आणलेला नमुना, थुंकी हे सगळं काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून माझ्या टेबलावर येतं आणि त्यावरून हा कर्करोग आहे का, असेल तर कोणता, हे मला सांगायचं असतं. फुप्फुसाचे दुर्मीळ कर्करोग आपल्या राज्यात निसटतात, याचं कारण ते ओळखू शकणारे डॉक्टर नाहीत हे नव्हे. रुग्णाच्या शरीरातून एकदा बाहेर आलेला नमुना खरा प्रश्न विचारण्याआधीच संपून गेलेला असतो. हे थांबवायला मोठी इमारत किंवा महागडं यंत्र लागत नाही. आपल्या सहीचा आदेश लागतो आणि त्याची अंमलबजावणी होते का हे पाहणारी नजर लागते. म्हणून हे पत्र मी विभागप्रमुखांच्या टपालातून न पाठवता सर्वांसमोर लिहिते आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले असतात. त्यांची पूर्ण गाठ काढून तपासायला येण्याचा प्रश्नच नसतो. मिळतो तो सुतासारखा बारीक तुकडा किंवा नुसत्या पेशी. कित्येक जणांची अवस्था अशी असते की दुसऱ्यांदा दुर्बीण घालणं त्यांना सोसणार नाही. तेव्हा त्या पेशी हाच त्या माणसाचा एकमेव पुरावा असतो. त्यावर उपचार ठरतात, औषध ठरतं, सरकारी योजनेतली मंजुरी ठरते.

एक काळ होता जेव्हा पॅथॉलॉजिस्टला एकच प्रश्न विचारला जायचा: स्मॉल सेल आहे की नाही? स्मॉल सेल असेल तर एक प्रकारची केमो, नसेल तर दुसरी. एवढ्यासाठी दोन पट्ट्या पुरायच्या. २००७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एएलके या जनुकाचा जोड शोधून काढला आणि चार वर्षांतच, २०११ मध्ये, त्यावरच्या क्रिझोटिनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा जोड नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांत सापडतो. हे रुग्ण बहुधा वयाने लहान असतात आणि त्यांतले अनेक जण आयुष्यात कधी विडी-सिगारेटला शिवलेले नसतात. पुढच्या पिढीचं अलेक्टिनिब हे औषध ज्या मोठ्या चाचणीत तपासलं गेलं, त्यात आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांपैकी ६२ टक्क्यांहून अधिक जण पाच वर्षांनी हयात होते. आमच्या शिक्षणाच्या काळात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल असा आकडा कुणी उच्चारलाही नसता. पण तो त्याच रुग्णाच्या वाट्याला येतो, ज्याच्या पेशींवर एएलकेची तपासणी झाली आहे. ज्याच्या पेशी पहिल्या दोन पट्ट्यांवरच संपल्या, त्याच्या वाट्याला येत नाही.

आता कार्सिनॉइड या दुर्मीळ गाठीकडे येते. यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे चूक होते तेव्हा ती बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत होते.

फुप्फुसाच्या गाठींमध्ये कार्सिनॉइडचं प्रमाण जेमतेम एक ते दोन टक्के. ही गाठ बऱ्याचदा मोठ्या श्वासनलिकेत वाढते. रुग्ण तिशी-चाळिशीतला, शिट्टीसारखा श्वास वाजतो, अधूनमधून थुंकीतून रक्त पडतं. वर्ष-दोन वर्षं दम्याचे पंप चालतात. मग कुणीतरी सीटी स्कॅन करायला सांगतं आणि नळीत गाठ दिसते. दुर्बीण घालून ब्रश फिरवला जातो आणि पट्ट्या आमच्याकडे येतात. पट्टी नीट झालेली असेल तर चित्र सुंदर असतं: एकसारख्या गोल पेशी, सैलसर गुच्छ, पेशीकेंद्रात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा कण. पण या पेशी नाजूक असतात. ब्रश जोरात घासला, पट्टीवर पट्टी दाबून ओढली की त्या चिरडतात आणि केंद्रकं लांब निळे फराटे होऊन पसरतात. असे फराटे स्मॉल सेल कर्करोगातही दिसतात, आणि तो आजार कितीतरी जास्त आढळतो. घाईच्या ओपीडीत, एकुलत्या एका पट्टीवर, रुग्णाचा इतिहास न लिहिलेल्या फॉर्मसोबत हा नमुना आला, तर ‘स्मॉल सेल कार्सिनोमा’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

या दोन निदानांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या कार्सिनॉइडची गाठ वेळेत काढली तर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असतात. स्मॉल सेलला बहुधा शस्त्रक्रिया नसतेच. केमो आणि रेडिएशन दिलं जातं आणि घरच्यांना बाजूला घेऊन मोजके महिने सांगितले जातात. दुसऱ्या ठिकाणी स्मॉल सेल म्हणून केमो सुरू झालेले आणि पुढे आमच्याकडे फेरतपासणीत कार्सिनॉइड निघालेले रुग्ण मी पाहिले आहेत. दरवेळी फरक पडला तो केआय-६७ नावाच्या एका साध्या रंजक तपासणीने. ती पेशी किती वेगाने विभागताहेत हे दाखवते. स्मॉल सेलमध्ये निम्म्याहून जास्त, बऱ्याचदा जवळजवळ सगळ्या पेशी रंगतात. कार्सिनॉइडमध्ये मोजक्याच रंगतात. चिरडलेल्या नमुन्यातसुद्धा हा फरक लपत नाही. मात्र ही तपासणी विश्वासाने करायची तर सेल ब्लॉक हवा.

सेल ब्लॉक म्हणजे काय, हे आपल्यासाठी सविस्तर लिहिते, कारण माझी मुख्य मागणी त्याचीच आहे. सुईत किंवा पाण्यात उरलेल्या पेशी आपण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवतो. त्यावर रक्तपेढीतला मुदत संपलेला प्लाझ्मा आणि थोडं थ्रॉम्बिन घातलं की पेशी गुठळीत पकडल्या जातात. ही गुठळी जाळीदार कागदात गुंडाळून फॉर्मेलिनमध्ये ठेवायची आणि नेहमीच्या बायोप्सीच्या तुकड्यासोबत मशीनला लावायची. दुसऱ्या दिवशी मेणाचा ठोकळा तयार. त्याचे एकामागून एक बारीक काप काढता येतात, प्रत्येक कापावर वेगळी तपासणी करता येते, आणि उरलेला ठोकळा वर्षानुवर्षं कपाटात टिकतो. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सेंट्रिफ्यूज आहे, रक्तपेढी आहे, बायोप्सीचं मशीन आहे. नाही ते एवढंच, की हे रोज, प्रत्येक नमुन्यासाठी, न चुकता करायचं अशी लेखी पद्धत. काही विभाग स्वतःच्या हौसेने करतात, तिथला एखादा तंत्रज्ञ बदलून गेला की बंद पडतं. राज्याचं निदान कुणाच्या हौसेवर चालू नये.

आता नमुना वाया जातो कुठे ते सांगते. छातीत पाणी झालेल्या रुग्णाचं लिटरभर पाणी वॉर्डात काढलं जातं. त्यातलं पाच-दहा मिलिलिटर एका बल्बमध्ये सायटॉलॉजीला येतं आणि बाकीचं मामा किंवा मावशी बेसिनमध्ये ओतून देतात. त्यांचा यात काही दोष नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कर्करोगाच्या शंकेसाठी किमान ५० ते ७५ मिलिलिटर पाणी पाठवावं, जास्त मिळालं तर जास्त, हे आमच्या शास्त्रातलं साधं सूत्र आहे. पुष्कळदा पाणी शनिवारी संध्याकाळी निघतं आणि सोमवारी सकाळी खोलीच्या उष्म्यात पडून राहिलेलं आमच्याकडे पोचतं. फ्रीजमध्ये ठेवलं असतं तर पेशी टिकल्या असत्या. सुईच्या तपासणीत सगळा नमुना पट्ट्यांवर पसरला जातो, सुई धुऊन घेतली जात नाही. त्या धुण्यात सेल ब्लॉकपुरत्या पेशी असतात. फॉर्मवर नाव, वय आणि ‘फ्लुइड फॉर सायटॉलॉजी’ एवढंच लिहिलेलं असतं. सीटीत गाठ कुठे आहे, रुग्णाला आधी कुठला कर्करोग झाला होता का, क्षयावरची औषधं (एकेटी) चालू आहेत का, यातलं काही नसतं.

एकेटीचं नाव काढलंच आहे, तर तेही बोलू. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. खोकला, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग हे तीन एकत्र दिसले की क्षयाचा विचार आधी व्हायलाच हवा, यात वादच नाही. पण थुंकीची तपासणी, अगदी जनुकीय तपासणीसुद्धा, निगेटिव्ह आल्यावर केवळ डागाच्या भरवशावर सहा महिने एकेटी चालते आणि त्या काळात कर्करोग एका फुप्फुसातून दुसऱ्यात जातो, हे आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. क्षयासाठी आपण गावागावांत थुंकीचे डबे पोचवले. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅटसारखं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेलं. हे मोठं काम आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. त्याच जाळ्यात एक नियम घाला: क्षयाचा पुरावा मिळाला नाही आणि डाग कायम आहे, तर तो रुग्ण ठरावीक मुदतीत छातीविकार तज्ज्ञाकडे आणि त्याचा नमुना सायटॉलॉजीकडे गेला पाहिजे.

दुर्मीळ कर्करोगांत सगळ्यांत क्रूर आहे तो नट कार्सिनोमा. बॉस्टनमधल्या क्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यामागचा जनुकीय जोड उलगडला. पंधराव्या गुणसूत्रावरचं नट जनुक बहुधा एकोणिसाव्यावरच्या बीआरडी४ला चिकटतं आणि पेशी आपलं प्रौढ रूप घ्यायचंच विसरतात. हा आजार कोणत्याही वयात होतो, तरुणांत, अगदी मुलांतही होतो, तंबाखूशी त्याचा संबंध नाही. बहुतेक रुग्ण निदानानंतर वर्षही काढत नाहीत. पट्टीवर दिसतात त्या एकसारख्या, अपरिपक्व, गोलसर पेशी. क्वचित त्यांच्यामध्ये अचानक एखादी केराटिनने भरलेली, परिपक्व खवल्यासारखी पेशी दिसते. तिच्यावर नजर गेली तर शंका येते. नाही गेली तर ‘पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ एवढंच लिहिलं जातं. त्यासाठीच्या रंजक तपासणीचं विशिष्ट प्रतिपिंड २००९ पासून माहीत आहे. केंद्रकात ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी रंग उमटला की निदान जवळपास पक्कं होतं, आणि हे सेल ब्लॉकवर करता येतं.

निदान करूनही रुग्ण वाचत नसेल तर एवढा खटाटोप कशाला, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं होतं. उत्तर इथे देते. विशीतल्या मुलाच्या आईवडिलांना आपल्या मुलाला काय झालंय हे समजण्याचा हक्क आहे. लागू न पडणाऱ्या औषधांसाठी शेत गहाण टाकण्याआधी त्यांना ते कळायला हवं. या आजारावर जगात जे प्रयोग चालू आहेत, त्यांत नाव नोंदवायचं तर आधी आजाराला नाव असावं लागतं. आणि हा आजार आपल्याकडे नेमका किती आहे, हे आपण मोजलंच नाही तर त्यावर कुणीच काम करणार नाही. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात छातीतल्या स्मार्का४-न्यून गाठीलाही स्वतंत्र स्थान मिळालं. तिचीही गत हीच: एक प्रतिपिंड असेल तर ओळख, नसेल तर ‘अनडिफरन्शिएटेड’.

म्हणून प्रतिपिंडांची सोय दोन थरांत करा. टीटीएफ-१, पी४०, सिनॅप्टोफिजिन, केआय-६७ आणि एएलके ही पाच प्रत्येक शासकीय महाविद्यालयात कायम उपलब्ध हवीत. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा लागणारी नट, स्मार्का४ यांसारखी प्रत्येक ठिकाणी घेऊ नका. कुपी उघडल्यावर तिची मुदत संपते आणि पैसा कचऱ्यात जातो. ती राज्याच्या प्रत्येक विभागात एकाच केंद्रात ठेवा आणि ठोकळा तिथे जाऊन परत येण्याची पक्की सोय करा. राज्याने कर्करोग उपचारांसाठी त्रिस्तरीय रचना स्वीकारली आहे. तीत केमो आणि रेडिएशनइतकीच जागा निदानाला द्या. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आणि त्याच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड आपल्याच राज्यात आहे. देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं त्या ग्रिडमध्ये आहेत. गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा नातेवाईक रुमालात गुंडाळलेल्या काचपट्ट्या घेऊन रात्रीच्या गाडीने परळला जातो, त्यातली एखादी वाटेत तडकते आणि तिच्यावरच गाठीच्या पेशी असतात. त्या जागी मेणाचा ठोकळा कुरिअरने जायला हवा आणि रुग्ण आपल्या गावातच राहायला हवा.

माणसांबद्दल एक मागणी, आणि ती मी जोर देऊन करते. सायटोटेक्निशियनची पदं भरा. दुर्बिणीच्या खोलीत एक प्रशिक्षित तंत्रज्ञ उभा असेल, तर तो पहिली पट्टी दोन मिनिटांत रंगवून डॉक्टरांना सांगू शकतो, ‘सर, नुसतं रक्त आलंय, आणखी एकदा घ्या,’ किंवा ‘गाठीच्या पेशी आल्या, आता पुढचं सगळं ब्लॉकला टाका.’ रुग्ण अजून टेबलावर असतो. ही दोन वाक्यं त्याचा दुसरा प्रवास, दुसरी दुर्बीण आणि कधीकधी महिनाभराचा उशीर वाचवतात. आज बहुतेक ठिकाणी नमुना अपुरा होता हे आम्हाला चार दिवसांनी कळतं, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि त्याचा फोन लागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि आमच्याकडचे बहुतेक कर्करुग्ण तिच्याच आधाराने उपचार घेतात. त्या योजनेच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहून काढा. एक, सेल ब्लॉक आणि रंजक तपासण्यांसह दिलेला पेशींवरचा रिपोर्ट बायोप्सीच्या रिपोर्टइतकाच ग्राह्य आहे. केवळ कागदावर ‘बायोप्सी’ हा शब्द हवा म्हणून दम लागणाऱ्या रुग्णाच्या छातीत पुन्हा सुई घालायला लागू नये. दुसरी, एएलके, ईजीएफआर, आरओएस१ या जनुकांच्या तपासण्यांचा खर्च योजनेतून मिळावा, मग रुग्ण वॉर्डात दाखल असो वा ओपीडीत.

आमच्या शास्त्राच्या मर्यादाही मला माहीत आहेत. कार्सिनॉइड साधं आहे की आक्रमक, हे पेशींवरून नक्की सांगता येत नाही. त्यासाठी दोन चौरस मिलिमीटरच्या जागेत किती पेशी विभागताहेत हे मोजावं लागतं आणि पेशी मेलेल्या आहेत का हे पाहावं लागतं, तेवढी ऊती सुईत येत नाही. अशा वेळी आम्ही ‘कार्सिनॉइड, श्रेणी शस्त्रक्रियेनंतर’ असं लिहितो, आणि सर्जनला तेवढं पुरतं. श्वासनलिकेतल्या ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचे गुलाबी गोळे पट्टीवर ओळखता येतात, पण तो लाळग्रंथीतून आलाय की नळीतच जन्मलाय हे सीटी पाहिल्याशिवाय कळत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय सायटॉलॉजी अकादमीसोबत फुप्फुसाच्या पेशी-तपासणीचे रिपोर्ट लिहिण्याची पाच वर्गांची पद्धत प्रसिद्ध केली. अपुरा, निर्धोक, अनिश्चित, संशयास्पद आणि कर्करोग असे ते वर्ग. कमी साधनांच्या ठिकाणचाही विचार तिच्यात आहे. ती राज्यभर लागू करा, म्हणजे लातूरचा ‘संशयास्पद’ आणि नागपूरचा ‘संशयास्पद’ यांचा अर्थ एकच राहील, आणि कुठल्या महाविद्यालयात ‘अपुरा’ शिक्का जास्त पडतोय हे आपल्या कार्यालयालाही दिसेल. तिथे माणूस कमी आहे, फ्रीज नाही की प्रशिक्षण नाही, ते शोधायला मग अडचण पडणार नाही.

अधिष्ठाता महोदय, यातल्या काही गोष्टींसाठी आपल्याला मंत्रालयाची वाट पाहावी लागणार नाही. दुर्बिणीचा वार आणि सायटॉलॉजीच्या डॉक्टरची ड्यूटी जुळवणं, वॉर्डात ‘छातीतलं पाणी ओतू नका, फ्रीजमध्ये ठेवा’ असा कागद चिकटवणं, मामा-मावशींना आणि नव्या इंटर्न्सना एकदा बोलावून समजावणं, रक्तपेढीला मुदत संपलेला प्लाझ्मा पॅथॉलॉजीला द्यायला सांगणं, रुग्णाने मागितला तर ठोकळा चार अर्ज न करता मिळेल अशी खिडकी ठेवणं, हे उद्या सकाळी होऊ शकतं.

मंत्री महोदय, आपल्याकडून मात्र परिपत्रक हवं. त्यात सेल ब्लॉक सक्तीचा, नमुन्याचं किमान प्रमाण, पाच प्रतिपिंडांची कायमची खरेदी, विभागीय केंद्रांची नावं, क्षयाच्या जाळ्यातून येणाऱ्या रुग्णांसाठी मुदत आणि सायटोटेक्निशियनची पदं भरायची तारीख एवढं असावं. मसुदा लिहून द्यायला राज्यातले अनेक सायटॉलॉजिस्ट तयार होतील, मीही आहे. आपल्या कार्यालयातून बोलावणं आलं तर पुढच्या आठवड्यात मुंबईला येईन, सोबत सेल ब्लॉकची आमची वही आणि काही पट्ट्या घेऊन, म्हणजे चिरडलेला कार्सिनॉइड आणि स्मॉल सेल शेजारी शेजारी ठेवून मायक्रोस्कोपखाली आपल्याला स्वतःच पाहता येतील.

आपली,
एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सायटॉलॉजिस्ट